डीपाल्माची ढकलगाडी: १९६ लॅप पुढे राहून हरलेला माणूस

तिरपागडा (धागाकर्ता)

अमेरिकेत इंडियानापोलिसला येऊन मला अकरा वर्षं झाली. दर मे महिन्यात मोटारींची ५०० मैलांची 'इंडी ५००' शर्यत होते तो रेसट्रॅक घरापासून पंचवीस मिनिटांवर, पण पहिली काही वर्षं मे महिना आला की रस्त्यावरच्या गर्दीला शिव्या घालण्यापलीकडे माझा त्या ट्रॅकशी संबंध नव्हता. मग गेल्या उन्हाळ्यात मेव्हणा आला. त्याला म्युझियममध्ये नेलं, १९११ ची पहिली शर्यत जिंकणारी ती पिवळी मार्मन वास्प दाखवली, पाचशे रुपयांची कॉफी पाजली. परत येताना गाडीत त्याने फोनवर एक जुना फोटो काढून दाखवला. भरलेलं स्टेडियम, आणि ट्रॅकवर दोन माणसं एक अवजड गाडी ढकलताहेत. मेव्हणा म्हणाला, "ही तर वऱ्हाडाची गाडी."

तो फोटो ३० मे १९१२ चा. ढकलणारा राल्फ डीपाल्मा आणि त्याचा मेकॅनिक रूपर्ट जेफकिन्स. त्या फोटोनंतर मी या माणसाच्या नादी लागलो, म्हणून हा धागा.

थोडक्यात प्रकार असा. शर्यत ५०० मैलांची, अडीच मैलांचा ट्रॅक, म्हणजे २०० लॅप (फेऱ्या). डीपाल्मा तिसऱ्या लॅपला पुढे गेला आणि मग पुढेच राहिला. १०० झाले, १५० झाले, दुसऱ्या नंबरवरच्या जो डॉसनवर पाच लॅपच्या आसपास आघाडी. लोक उठून घरी निघायच्या बेतात. आणि शेवटचे चारपाच लॅप राहिले असताना त्याच्या मर्सिडीजचा आवाज बदलला. इंजिनातला पिस्टनला जोडलेला दांडा, कनेक्टिंग रॉड, तुटला होता. गाडी लंगडत लंगडत चालली, १९९ व्या लॅपला पूर्ण थांबली. डॉसन मागून येऊन एकेक लॅप भरून काढत होता, तो पुढे गेला आणि जिंकला. डीपाल्मा १९६ लॅप पुढे होता. डॉसन दोन.

गाडी बंद पडल्यावर हे दोघे खाली उतरले आणि ढकलायला लागले. टनाहून जड लोखंड, सहा तास धूळ आणि तेल खाल्लेली माणसं. डॉसन इंडियानाचाच पोरगा, त्याची नॅशनल गाडी याच शहरात बनलेली, तरी प्रेक्षक ढकलणाऱ्यांसाठी ओरडत होते.

माझा प्रश्न असा की याच डीपाल्माने तीन वर्षांनी, १९१५ ला, हीच शर्यत जिंकली. ते इथल्या माझ्या ऑफिसातल्या एकालाही माहीत नाही. ढकलगाडी मात्र तिघांना माहीत होती. असं का होतं?

मेघमल्हार_०७

वा, मस्त विषय. पहिला नंबर माझा. सविस्तर नंतर लिहिते, आधी एक बाळबोध शंका: ढकलत रेषेपर्यंत नेली असती तर चाललं असतं का? नियमात बसत होतं?

तिरपागडा

नाही ना ताई! तीच तर गंमत. १९९ वा लॅप चालू होता. रेषा ओलांडली तरी अजून एक अख्खा लॅप, अडीच मैल, बाकीच. अधिकृत नोंदीत त्याच्या नावावर १९८ लॅप आहेत आणि नंबर अकरावा. हे त्या दोघांनाही कळत असणार, लॅप मोजणारी माणसं पिटमध्ये (ट्रॅकशेजारी टीमची गाड्या थांबवायची जागा) होतीच.

शंकेखोर

धागा छान, पण नेहमीप्रमाणे मी मीठ टाकायला आलोय.

"दुर्दैवी डीपाल्मा" ही प्रतिमा मला पटत नाही. बघा: १९१२ ला रॉड तुटला. १९१५ ला जिंकला तेव्हाही शेवटचे तीन लॅप राहिले असताना रॉड तुटलाच होता, फक्त गाडी चालत राहिली. १९२१ ला निम्मी शर्यत पुढे राहून पुन्हा इंजिनानेच दगा दिला. एकाच माणसाच्या हातात एकच भाग तीनदा तुटतो त्याला दैव म्हणायचं की पायाचं वजन? आमच्या गल्लीत एक रिक्षावाले काका होते, दर सहा महिन्यांनी क्लच प्लेट बदलायचे आणि कंपनीला शिव्या द्यायचे.

हातोडी

शंकेखोर भाऊ, रिक्षाची क्लच प्लेट आणि हे यात फरक आहे. बावीस वर्षं मशीन शॉपमध्ये काढली, त्यातली शेवटची नऊ चाकणला, म्हणून बोलतो.

१९१२ ची मर्सिडीज ही १९०८ च्या ग्रां प्री मॉडेलवरची. साडेनऊ लिटरचं इंजिन आणि सिलिंडर फक्त चार. म्हणजे एका सिलिंडरमध्ये जवळपास २.४ लिटर, आजच्या बऱ्याच गाड्यांच्या अख्ख्या इंजिनापेक्षा जास्त. एवढा मोठा पिस्टन वर जातो, थांबतो, खाली येतो, पुन्हा थांबतो. प्रत्येक वेळी त्याला थांबवायचं आणि उलटं ओढायचं काम कनेक्टिंग रॉडचं. रॉड स्फोटाच्या दाबाने मोडतो असं लोकांना वाटतं. दाबाला तो तसा पक्का असतो, खरा मार ओढीचा. आणि ओढ वाढते वेगाच्या वर्गात: आरपीएम दुप्पट केले तर ताण चौपट.

आता त्या काळची बेअरिंगं. व्हाइट मेटल (मऊ मिश्रधातू) ओतून हाताने खरवडून बसवलेली. तेल कमी पडलं की ती वितळतात, रॉडला खेळ मिळतो, मग ठोका चालू होतो. ठोका चालू झाला की शंभर मैल जातात किंवा शंभर फूट, सांगता येत नाही. क्रॅक शोधायला ना मॅग्नेटिक टेस्ट, ना एक्स-रे. रॉकेल लावायचं, खडू फासायचा आणि डोळे फोडून बघायचं. आमचे जुने उस्ताद अजून तसंच करायचे.

सहा तास विटांच्या ट्रॅकवर असं इंजिन चाललं हेच कौतुक. पायाचं वजन असतं तर पन्नासाव्या लॅपला बसलं असतं.

आडवाटेचा

विटांचा ट्रॅक?? डांबर नव्हतं?

तिरपागडा

१९०९ ला आधी खडी-डांबर टाकलं होतं. पहिल्याच मोटार शर्यतींत ते उखडलं, माणसं मेली. मग त्याच वर्षी ३२ लाख विटा रचल्या. आता सगळं डांबरी आहे, फक्त सुरुवातीच्या रेषेवर एक यार्ड रुंदीचा विटांचा पट्टा ठेवलाय. जिंकणारे त्याच्यावर ओठ टेकतात. मेव्हण्यालाही टेकायचे होते, बायकोने अडवलं.

शंकेखोर

हातोडीराव, रॉडचं मान्य. माघार. :)

पण दुसरं मीठ. सगळीकडे लिहिलेलं असतं की डीपाल्माने २,८८९ शर्यतींपैकी २,५५७ जिंकल्या. हे जरा गणितात बसवा. साधारण पंचवीस वर्षांची कारकीर्द धरली तर वर्षाला ११५ शर्यती, म्हणजे दर तीन दिवसांना एक. शिवाय मध्ये हिवाळा, मध्ये महायुद्ध, मध्ये आगगाडीने गाड्या या गावातून त्या गावात न्यायच्या. आणि ८८ टक्के विजय! इंडियानापोलिसला मात्र दहा वेळा उतरून एकदा जिंकतो.

खटाव_एक्सप्रेस

त्याचं उत्तर आमच्याकडे आहे. आमच्या भागात बैलगाडी शर्यतीला एक बैलजोडी दिवसात तीनदा पळते. आधी गट, मग सेमी, मग फायनल. आता गाडामालकाला विचारा किती जिंकल्या, तो गटसुद्धा मोजतो. कुठल्या गावच्या यात्रेत दोनच गाडे आले असतील तरी तो विजयच.

अमेरिकेतही तेव्हा जत्रा असायच्याच ना, घोड्यांच्या मातीच्या ट्रॅकवर मोटारी पळवायचे? एका दुपारी पाच मैलांची एक, दहा मैलांची एक, घड्याळाविरुद्ध एक, स्थानिक हिरोबरोबर एक. दिवसाला चार धरा.

शंकेखोर

हे पटलं. म्हणजे आकडा खोटा नाही, "शर्यत" या शब्दाला ताणलंय.

तिरपागडा

खटावकर, एकदम बरोबर नस पकडलीत. डीपाल्मा मोठा झाला तो त्या मातीवरच. जन्म १८८२, इटलीच्या दक्षिणेतल्या बिकारी नावाच्या गावात. लहानपणीच आईबापांबरोबर न्यूयॉर्कला आला. आधी सायकल, मग मोटारसायकल, मग १९०८ पासून मोटारी. त्याच वर्षी सव्हानाच्या ग्रां प्रीमध्ये फियाट चालवताना सगळ्यात वेगवान लॅप त्याचा होता, तेही युरोपातले नावाजलेले ड्रायव्हर समोर असताना. मग दोनतीन वर्षं जत्रा आणि मातीचे ट्रॅक. इंडियानापोलिसच्या १९११ च्या पहिल्या शर्यतीत सिम्प्लेक्स घेऊन सहावा आला.

आणि मातीवर त्याचा मोठा वैरी म्हणजे बार्नी ओल्डफील्ड. तोंडात कायम सिगार, प्रत्येक शर्यतीचा तमाशा करणारा. डीपाल्मा त्याच्या अगदी उलट. नीट भांग, नीट बोलणं. पेपरवाल्यांना ही जोडी आयतीच मिळाली.

मेघमल्हार_०७

ओल्डफील्डचं नाव मी वेगळ्याच संदर्भात वाचलंय. हेवीवेट बॉक्सिंगचा पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता जॅक जॉन्सन, त्याला मोटारींचा भयंकर नाद. १९१० च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या शीप्सहेड बे ट्रॅकवर ओल्डफील्डने त्याच्याशी शर्यत लावली आणि सहज हरवलं. त्याबद्दल शर्यतींवर देखरेख करणाऱ्या अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने ओल्डफील्डलाच बंदी घातली. डीपाल्मासारख्या स्थलांतरिताला त्या ट्रॅकवर जागा होती, जॉन्सनला नव्हती. "सभ्य खेळाडू" वगैरे वाचताना हे माझ्या डोक्यातून जात नाही.

तिरपागडा

बरं केलंत लिहिलंत. या भागातल्या "सोनेरी काळा"च्या गप्पांत हे कोणी काढत नाही.

आडवाटेचा

सभ्य म्हणजे नक्की किती सभ्य? एखादा किस्सा टाका की.

तिरपागडा

दोन टाकतो. एकाच माणसाचे आहेत हे लक्षात ठेवून वाचा.

पहिला. ढकलगाडीनंतर चार महिन्यांनी, ऑक्टोबर १९१२, मिलवॉकी. आधी त्याने व्हँडरबिल्ट कप (त्या काळची मोठी मोटार शर्यत) जिंकला. तीन दिवसांनी ग्रां प्री. शेवटचा लॅप, पुढे केलब ब्रॅगची फियाट, डीपाल्मा ओलांडायला गेला, चाकाला चाक लागलं आणि मर्सिडीज रस्त्याबाहेर उलटली. तो आणि मेकॅनिक टॉम अ‍ॅली दोघेही जबर जखमी. उचलून नेत असताना त्याने जमलेल्यांना सांगितलं की चूक ब्रॅगची नाही, त्याने मला पूर्ण रस्ता दिला होता. पाय मोडलेला, शर्यत गेलेली, आणि हा समोरच्याची बाजू मांडतोय.

दुसरा. फेब्रुवारी १९१४, सांता मोनिका, पुन्हा व्हँडरबिल्ट कप. डीपाल्मा तोपर्यंत मर्सर कंपनीच्या टीमचा कप्तान होता. कंपनीने ओल्डफील्डला घेतलं. हा तडक राजीनामा देऊन बाहेर पडला आणि जुन्या मर्सिडीजकडे परत गेला. शर्यतीत पुढे हे दोघेच. मर्सर जास्त चपळ, पण ओल्डफील्ड वळणं घासत घेत होता, टायर संपत आले होते. डीपाल्माने ते पाहिलं. पिटसमोरून जाताना ओल्डफील्डला दिसेल अशा बेताने त्याने आपल्या माणसांना खूण केली: पुढच्या फेरीला आत येतोय. ओल्डफील्ड म्हणाला असेल, चला, हा थांबतोय तर आपणही टायर बदलून घेऊ. तो आत गेला. डीपाल्मा थांबलाच नाही. धाडकन समोरून निघून गेला आणि जिंकला.

खटाव_एक्सप्रेस

हाहाहा. म्हणजे सभ्यपणा पडल्यावर, पळताना नाही. हा माणूस आवडला.

शंकेखोर

मलाही आता आवडायला लागला, काय करणार.

आजीचा_बटवा

सगळे डीपाल्मा डीपाल्मा करताय. फोटोत दुसरा माणूस पण आहे. जेफकिन्सबद्दल कोणी काही लिहिणार का? ड्रायव्हरच्या शेजारी बसून तो सहा तास करत काय होता?

तिरपागडा

आजी, खरंय, चुकलो. जेफकिन्स ऑस्ट्रेलियन. १९१२ पासून इंडियानापोलिसला शेजारी मेकॅनिक बसवणं सक्तीचं झालं. आदल्या वर्षी रे हॅरून एकटाच बसून जिंकला होता. एकट्याने बसण्यावरून बाकीच्यांनी आरडाओरडा केला, म्हणून मागचं दिसायला त्याने गाडीवर आरसा लावला होता.

हातोडी

कामाचं मी सांगतो. पेट्रोलच्या टाकीत हातपंपाने हवा भरून दाब ठेवायचा, नाहीतर इंजिनाला पेट्रोल जात नाही. तेलाचा पंपही बऱ्याच गाड्यांत हातानेच मारायचा. मागे वळून बघायचं, कोण येतंय ते ड्रायव्हरला खांद्यावर थाप मारून किंवा गुडघ्याला ढोसून सांगायचं, कारण त्या आवाजात बोलणं शक्य नाही. टायरच्या रबराकडे लक्ष ठेवायचं. गेज बघायचे. आणि गाडी उलटली तर बाहेर फेकलं जायचं. पट्टा नाही, हेल्मेट नाही, कापडाची टोपी.

नाव मात्र पाटीवर ड्रायव्हरचं. आमच्या धंद्यात अजून तेच चालू आहे, असो.

मेघमल्हार_०७

१९१५ च्या विजयाबद्दल कोणीच सविस्तर लिहीत नाहीये! धागाकर्त्यांचा मूळ प्रश्नच तो होता ना.

तिरपागडा

लिहितो. मला तर ती जास्त रंगतदार वाटते.

जुलै १९१४ मध्ये ल्योंला फ्रेंच ग्रां प्री झाली, मर्सिडीजने पहिले तिन्ही नंबर घेतले. महिन्याभरात महायुद्ध. त्या नव्या मॉडेलची एक गाडी डीपाल्माने अमेरिकेत आणली. साडेचार लिटर, म्हणजे जुनीच्या निम्म्याहून लहान, पण प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आणि वरून फिरणारा कॅमशाफ्ट.

आता तारखा बघा. ७ मे १९१५ ला जर्मन पाणबुडीने लुसिटानिया बुडवली, शंभराहून जास्त अमेरिकन गेले. २३ मे ला इटली युद्धात उतरली. आणि ३१ मे ला (पावसामुळे शनिवारची सोमवारवर गेली होती) इंडियानापोलिसमध्ये जर्मन गाडी पहिली, फ्रेंच पूजो दुसरी. पहिलीत डीपाल्मा, दुसरीत डारिओ रेस्टा, दोघेही इटलीत जन्मलेले. अमेरिका अजून तटस्थ होती म्हणून हे शक्य झालं.

शेवटी तीन लॅप राहिले आणि रॉड गेला. तुटलेल्या रॉडने क्रँककेस (इंजिनाचा खालचा डबा) फोडली. शेजारी लुई फाँटेन. तीन सिलिंडरवर, तेल गाळत, गाडी साडेसात मैल रेटली आणि जिंकली. सरासरी ताशी ८९.८४ मैल. तो विक्रम १९२२ पर्यंत कोणी मोडला नाही.

हातोडी

साडेनऊ लिटरवाली थांबली आणि साडेचारवाली चालत राहिली, याचं कारण हेच असणार: लहान पिस्टन, हलका रॉड, तुटून बाहेर पडला तर बाकीच्यांना कमी इजा. मोठ्या इंजिनात तुटलेला रॉड म्हणजे डब्यात घातलेली पहार. पण यात नशिबाचा वाटा आहेच, तो मी नाकारत नाही. दोन्हीकडे तुटलं तेच, कुठे जाऊन अडकलं एवढाच फरक.

शंकेखोर

मग मूळ प्रश्नाचं माझं उत्तर: जिंकल्याचा फोटो सगळ्यांचा सारखाच असतो. गाडीत बसलेला, तोंड काळं, डोळ्यांभोवती चष्म्याची दोन पांढरी वर्तुळं. ढकलण्याचा फोटो एकच आहे.

आडवाटेचा

त्यानंतर काय झालं? १९१५ नंतर जिंकलाच नाही का?

तिरपागडा

इंडियानापोलिसला नाही. पण फेब्रुवारी १९१९ मध्ये डेटोनाच्या वाळूवर बारा सिलिंडरची पॅकार्ड ताशी १४९.८७५ मैलांनी पळवली, म्हणजे साधारण २४१ किलोमीटर. तो तेव्हा विक्रम होता. १९२० ला त्याला अमेरिकन नागरिकत्व मिळालं. त्याच वर्षी फ्रेंच बलो गाडी घेऊन इंडियानापोलिसला पुढे होता, शेवटच्या टप्प्यात इंजिनाने मान टाकली, पाचवा आला. १९२१ चं शंकेखोरांनी वर लिहिलंच आहे. त्याच उन्हाळ्यात ल मांसला फ्रेंच ग्रां प्री, तिथेही दुसरा. आणि पहिला कोण? अमेरिकन डूसेनबर्ग गाडीतला अमेरिकन जिमी मर्फी. नवाकोरा अमेरिकन नागरिक फ्रेंच गाडी घेऊन फ्रान्समध्ये अमेरिकन गाडीकडून हरला.

इंडियानापोलिसला सगळे मिळून ६१२ लॅप तो पुढे होता. हा विक्रम अल अन्सरने मोडेपर्यंत ऐंशीचं दशक संपत आलं होतं. अन्सर चार वेळा जिंकला होता, डीपाल्मा एकदा.

आजीचा_बटवा

आणि भाचा राहिला की. पीट डीपाओलो. मामाच्या शेजारी मेकॅनिक म्हणून बसायचा तो.

तिरपागडा

आजी तुम्ही तर छुप्या रुस्तम निघालात! हो. पीट डीपाओलो १९२५ ला डूसेनबर्ग घेऊन जिंकला, सरासरी १०१ मैलांच्या वर. ताशी शंभराच्या वर सरासरीने ही शर्यत जिंकणारा तो पहिला. मामाही त्याच शर्यतीत होता, वय बेचाळीस, सातवा आला. इंडियानापोलिसची त्याची ती शेवटची शर्यत. १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात साउथ पसडीनाला वारला. अंथरुणात गेला, हे त्याच्या पिढीच्या ड्रायव्हरांसाठी विशेषच.

आजीचा_बटवा

रुस्तम वगैरे नाही हो. आमचे हे १९८० च्या सुमारास मद्रासला शोलावरमची रेस बघायला जायचे, घरात मोटारींच्या मासिकांचा ढीग. रद्दीत घालायच्या आधी मी वाचायचे.

खटाव_एक्सप्रेस

अवांतर: ढकलगाडीच्या त्या शर्यतीत दहावा कोण आला? डीपाल्मा अकरावा म्हणताय म्हणून विचारलं.

तिरपागडा

अवांतर नाही, हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे, विसरलोच होतो. दहावा राल्फ मलफर्ड, नॉक्स गाडी. बक्षीस पहिल्या दहांना, आणि ते हवं तर ५०० मैल पूर्ण करायलाच हवेत असं त्याला बजावलं गेलं. बाकी सगळे संपवून गेले, लोक घरी निघाले, ट्रॅकवर हा एकटा. त्यालाही पक्कं माहीत, मागे कोणीच नाही. मग कशाला घाई? डॉसनने ज्या शर्यतीला ६ तास २१ मिनिटं घेतली तिला याने ८ तास ५३ मिनिटं घेतली. मध्ये थांबून मेकॅनिकबरोबर तळलेलं चिकन खाल्लं अशीही गोष्ट सांगतात.

शंकेखोर

चिकनचं मी मानणार नाही.

तिरपागडा

ते मीही मानत नाही. पण मेव्हण्याला फक्त तेवढंच लक्षात राहिलंय.